आकडा खरा, निष्कर्ष घाईचा: उंदराची जनुकं आणि आपली

विज्ञानाच्या नावाखाली एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं की उंदराच्या आणि माणसाच्या पेशी एकाच आघाताला अगदी वेगळा प्रतिसाद देतात, आणि हे वैज्ञानिकांनीच २०१३ मध्ये कबूल केलं. उंदराचं यकृत माणसाच्या यकृतापेक्षा उंदराच्याच मेंदूशी जास्त जुळतं. जनुकं सारखी असली तरी ती चालू-बंद करणारी यंत्रणा वेगळी आहे. उंदरावर तपासलेली औषधं माणसाचा जीव घेतात. थोडक्यात, उंदराच्या पेशीत कोणतं जनुक वाढलं नि कोणतं घटलं हे मोजत बसणं म्हणजे पैशाची नासाडी. काम करायचं तर फक्त माणसाच्या पेशींवर करा.

लिहिणाऱ्याने हवेत गोळ्या झाडलेल्या नाहीत. जवळपास प्रत्येक मुद्द्यामागे एखादा खरा शोधनिबंध किंवा खरी घटना आहे, म्हणून तो खोडायला जरा बैठक मारावी लागते. शिवाय समोरच्या गोटातला ‘माणूस आणि उंदीर ९९ टक्के सारखे’ हा मजकूरही काही धड नाही. २००२ साली उंदराचा जीनोम (त्याच्या डीएनएचा संपूर्ण क्रम) प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं ते एवढंच, की उंदराच्या सुमारे ९९ टक्के जनुकांचं काही ना काही नातेवाईक जनुक माणसात सापडतं. एकास एक अशी सरळ जोडी लागते ती सुमारे ८० टक्के जनुकांची. आणि जोडी लागली म्हणजे दोघांचं वागणं जुळलं, असंही नाही.

‘२०१३ च्या अभ्यासाने उंदीर निकालात काढला’

अभ्यास खरा आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात तो आला. गंभीर जखमी, भाजलेले आणि जिवाणूचं विष अल्प मात्रेत टोचून घेतलेले निरोगी स्वयंसेवक, अशा तीन गटांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये जनुकांच्या आरएनएचं (जनुक चालू असताना त्यावरून निघणारी नक्कल) प्रमाण कसं बदललं ते मोजलं गेलं. मग माणसात ठळकपणे बदललेली सुमारे पाच हजार जनुकं घेऊन ती उंदरात कशी वागली ते पाहिलं. एका प्राण्यातला बदल दुसऱ्यातल्या बदलाचा किती अंदाज देतो हे सांगणारा आकडा निघाला ० ते ०.१. म्हणजे जवळजवळ शून्य.

पण ‘माणसात बदललेली जनुकं’ या निवडीतच खरी मेख आहे. त्यांतली कितीतरी उंदरात हललीच नाहीत. न हललेल्या जनुकांचे आकडे म्हणजे बहुतांशी मोजमापातली खरखर, आणि खरखर मिसळली की सहसंबंध, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, खाली येणारच. २०१५ मध्ये जपानच्या केइझो ताकाओ आणि त्सुयोशी मियाकावा यांनी त्याच नियतकालिकात, तोच डेटा वापरून, फक्त दोन्हीकडे बदललेली जनुकं घेतली. सहसंबंध ०.४३ ते ०.६८ आला. शीर्षकही त्यांनी पहिल्या निबंधाच्या अगदी उलट दिलं.

आता इथे टाळ्या वाजवायचीही घाई नको. एक तर हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत, पहिला सहसंबंधाचा वर्ग आहे. दुसऱ्याचा वर्ग केला तर ढोबळमानाने ०.१८ ते ०.४६ उरतात. दुसरं म्हणजे दोन्हीकडे बदललेलीच जनुकं निवडायची म्हटल्यावर जुळणारी जास्त हाती लागणार, हे उघड आहे. माझ्या मते पहिल्या निबंधाने आकडा खाली ओढला, दुसऱ्याने वर चढवला. फिरणाऱ्या मजकुरात मात्र फक्त पहिला निबंध असतो.

या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५० ते ७० टक्के न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतात. उंदरात त्या १० ते २५ टक्केच, तिथे लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं राज्य. सगळं रक्त एकत्र घेऊन आरएनए काढलात, तर एखादं जनुक ‘वाढलं’ याचा अर्थ ते पेशीच्या आत जास्त चालू झालं असाही होतो, आणि ते ज्या पेशींत मुळातच चालू असतं त्या पेशी रक्तात जास्त आल्या असाही होतो. वरच्या आकड्यांतून हा फरक कळत नाही. शिवाय माणसं निरनिराळ्या वयांची, शस्त्रक्रिया आणि औषधोपचार झालेली, महिनोन् महिने बरी होत असलेली. उंदीर एकाच शुद्ध वंशाचे, काही दिवसांत सावरणारे. अशा तुलनेत फरक दिसला तर तो प्रजातीचा की तुलनेचा, हे आधी ठरवायला नको का?

‘उंदराचं यकृत उंदराच्या मेंदूशी जुळतं’

हा दावा २०१४ चा. दोन्ही प्राण्यांच्या वेगवेगळ्या अवयवांतलं आरएनए मोजून त्यांचे गट पाडले, तर नमुने अवयवानुसार नव्हे तर प्रजातीनुसार एकत्र आले, असं त्या निबंधात होतं. हे खरं असतं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. त्याआधी २०११ मध्ये अनेक सस्तन प्राण्यांवर झालेल्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं होतं: मेंदू मेंदूशेजारी, यकृत यकृताशेजारी.

पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठाचे योआव गिलाड आणि त्यांच्या सहकारी ओर्ना मिझराही-मान यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात देखणं काम वाटतं. आरएनएचा क्रम वाचणाऱ्या सिक्वेन्सिंग यंत्रातून निघणाऱ्या फाइलमध्ये वाचलेल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक ओळ असते. तीत यंत्राचा क्रमांक, फेरी, कोणत्या पट्टीत नमुना घातला, असा तपशील असतो. सहसा ती ओळ कोणी वाचत नाही. यांनी वाचली, आणि प्रयोग कसा मांडला होता ते त्यावरून उभं केलं. नमुने पाच तुकड्यांत (बॅचमध्ये) यंत्रावर गेले होते आणि त्यांपैकी एकाच तुकडीत माणूस आणि उंदीर दोघांचे नमुने एकत्र होते. बाकी चारांत फक्त माणूस किंवा फक्त उंदीर. म्हणजे प्रजातीचा फरक आणि यंत्राच्या फेरीचा फरक एकमेकांत इतके गुंतलेले, की कोणता कोणता हे वेगळं काढणं कठीण. तुकडीचा परिणाम गणिताने वजा केल्यावर नमुने पुन्हा अवयवानुसार लागले.

मूळ लेखकांना हे मान्य झालं नाही. अशा गुंतलेल्या मांडणीत वजाबाकीने खरा फरकही पुसला जाऊ शकतो, हा आक्षेप तत्त्वतः बरोबरच आहे. पण मग त्या डेटावरून ‘प्रजाती अवयवाला भारी पडते’ असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

‘चालू-बंद करणारी यंत्रणाच वेगळी आहे’

मजकुरातला हा सर्वात भक्कम मुद्दा, आणि अर्धा मी मान्य करतो. २००७ मध्ये यकृतपेशींतली चार नियामक प्रथिनं (डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणारी) कुठे कुठे बसतात हे दोन्ही प्राण्यांत तपासलं गेलं. प्रथिनं जवळपास तीच, पेशी तीच, पण बसण्याच्या जागांपैकी ४१ ते ८९ टक्के जागा एकमेकांशी जुळल्या नाहीत.

यावरून ‘उंदराची पेशीच परकी’ असा निष्कर्ष काढला जातो. त्याची परीक्षा २००८ मध्येच झाली. डाऊन सिंड्रोमच्या अभ्यासासाठी तयार केलेले असे उंदीर होते, ज्यांच्या पेशींत माणसाचं एकविसावं गुणसूत्र जवळजवळ पूर्ण बसवलेलं होतं. त्यांच्या यकृतपेशीत प्रथिनं उंदराची, वातावरण उंदराचं, आहार उंदराचा. फक्त हे एक गुणसूत्र माणसाचं. उंदराची नियामक प्रथिनं त्यावर कुठे बसली? बहुतांशी तिथेच, जिथे माणसाच्या यकृतात माणसाची प्रथिनं बसतात. त्या गुणसूत्रावरची जनुकंही बव्हंशी माणसासारखीच चालू-बंद झाली. म्हणजे वाचणारी यंत्रणा दोघांची इतकी सारखी आहे की उंदराच्या पेशीने माणसाचा मजकूर माणसासारखा वाचला. फरक आहे तो मुख्यतः डीएनएच्या क्रमात, आणि तो शोधता येतो, बदलून पाहता येतो. ‘यंत्रणा वेगळी’ म्हणून हात झटकण्याची काही गरज नाही.

वेगाचा फरक मात्र खरोखर पेशीतला आहे. भ्रूणात मणक्यांची घडण ठरवणारं जनुकांचं आवर्तन उंदराच्या पेशींत दोन-अडीच तासांचं, माणसाच्या पेशींत पाच-सहा तासांचं. दोघांच्या पेशी ‘२४ तासांनी’ तपासून तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

‘औषधं फसतात’

फसतात. १९९३ मध्ये हिपॅटायटिस बी वरच्या फियालुरिडीन या औषधाच्या चाचणीत १५ रुग्णांपैकी पाच दगावले आणि दोघांना यकृत-प्रत्यारोपण करावं लागलं. आधीच्या प्राणी-चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता. पुढे कळलं की हे औषध आत नेणारं एक प्रथिन माणसात मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या) आवरणावरही असतं, उंदरात तिथे नसतं. जनुक दोघांतही चालू. फरक प्रथिनाच्या जागेचा. आरएनए कितीही मोजलं असतं तरी हे सापडलं नसतं, हे कबूल करायलाच हवं.

पण रिफॅम्पिसिन घ्या. क्षयावरचं हे औषध यकृतातल्या पीएक्सआर नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे सीवायपी३ए४ हे औषधं पचवणारं विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक जोरात चालू होतं आणि इतर औषधं शरीरातून झपाट्याने निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो तो यामुळेच. उंदराचं पीएक्सआर रिफॅम्पिसिनला फारशी दाद देत नाही. म्हणून उंदीर टाकून दिला का? नाही. २००० मध्ये उंदराचं पीएक्सआर काढून त्या जागी माणसाचं बसवलं गेलं, आणि त्या उंदराचं यकृत रिफॅम्पिसिनला माणसासारखं प्रतिसाद देऊ लागलं. फरक एका प्रथिनात होता हे याहून स्वच्छ दाखवणं अवघड आहे.

‘मग फक्त मानवी पेशी वापरा’

ऐकायला छान. पण माणसाच्या शरीरातून काढलेल्या ताज्या यकृतपेशी बशीत ठेवल्या, तर काही दिवसांतच त्यांचा यकृतपणा ओसरू लागतो. औषधं पचवणाऱ्या विकरांची जनुकं सर्वात आधी खाली येतात. वर्षानुवर्षं वाढवता येणाऱ्या पेशीवंशांतला प्रसिद्ध हेपजी२ हा यकृताच्या गाठीतून आलेला; त्यात ही विकरं मुळातच कमी. म्हणून मानवी यकृतपेशी दीर्घकाळ जिवंत आणि कामात ठेवण्यासाठी आज जे मार्ग वापरले जातात, त्यांतला एक म्हणजे त्या उंदराच्या यकृतात रुजवणं. फियालुरिडीनची विषबाधा नंतर अशाच उंदरांत दाखवता आली. अशा यकृतातलं आरएनए वाचताना प्रत्येक तुकडा दोन्ही जीनोमांशी ताडून माणसाचा की उंदराचा ते ठरवावं लागतं, आणि काही तुकडे दोन्हीकडे तंतोतंत जुळत असल्याने बाजूला ठेवावे लागतात.