परतफेडीविना पापमुक्ती

हातून थोडंबहुत पाप झालंय आणि आता मनाला टोचणी लागायची भीती आहे, अशा सर्व विश्वासू बंधुभगिनींसाठी चार युक्तीच्या गोष्टी.

पहिलं म्हणजे, ज्याचं नुकसान केलंत त्याच्या दारात चुकूनही जाऊ नका. थेट देवाकडे जा. देव पासबुक मागत नाही.

बोलताना जपून. 'मी पैसे बुडवले' हे कानाला फार लागतं. 'मी मातीचं भांडं आहे' म्हणा. 'सैतानाने गाठलं' हेही चालतं. सैतान काही उलट बोलायला येत नाही.

वचनं निवडून पाठ करा. बायबलातलं दावीद राजाचं 51वं स्तोत्र उत्तम: तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. म्हणजे ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारवलं, त्या उरीयाचा प्रश्नच मिटला. त्यावरून नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेली गोष्ट मात्र वाचू नका. दुसऱ्याची मेंढी मारणाऱ्याने चौपट भरून द्यावं, असं तिथे दावीद स्वतःच बोलून बसतो. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कयही चौपटच परत करतो म्हणतो, म्हणून त्याला उंबरावर चढेपर्यंतच ठेवा. लेवीय पुस्तकाचा 6वा अध्याय तर उघडूच नका. आधी मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा मालकाच्या हातात, आणि दोषार्पणाचा मेंढा त्याच दिवशी! कोणाला परवडतं?

टेट्झेल नावाचा धर्मगुरू 1517 च्या सुमारास जर्मनीत पापाच्या शिक्षेत सूट देणारी क्षमापत्रं विकत फिरायचा, म्हणून धर्मसुधारक लूथर पेटला. त्या गिऱ्हाइकांना निदान खिशात हात तरी घालावा लागायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साक्ष द्या. जाहीर. मागच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कारभार बघणाऱ्या एका पंचांनी दिली. हातात माईक, डोळ्यांत पाणी. 'माझं सगळं कर्ज प्रभूने वधस्तंभावर फेडलं!' सगळे म्हणाले हालेलुया. तिसऱ्या बाकावर माझी मावशी बसली होती. मुलीच्या ॲडमिशनसाठी म्हणून याच गृहस्थांनी तिला एफडी मोडायला लावली, काकांच्या फंडातून ठेवलेली. आता फोन उचलत नाहीत, रस्त्यात दिसली तर पलीकडे जातात, आणि प्रभुभोजनाला सगळ्यांच्या आधी पुढे! कर्ज फिटलं म्हणे. कोणाचं फिटलं? आणि हिने 'जय ख्रिस्त' म्हटलं नाही, तर 'बाईच्या मनात क्षमा नाही हो'. पाळकसाहेबांनी तिलाच बोलावून 'सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर' हे येशूचं वचन समजावलं. पंचांना काय समजावलं? पंचांना कोण बोलणार!

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बाराच्या ठोक्याला पहिल्या रांगेत येऊन बसालच. तेव्हा येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार जरा कान देऊन ऐका. 'हे बापा, यांना क्षमा कर' हे ज्याला खिळे ठोकले तो म्हणाला. हातोडीवाल्याने स्वतःच स्वतःसाठी नाही म्हटलं. शेजारचा चोर तर चक्क कबूल करतो, आम्ही आमच्या करणीचं फळ भोगतोय. खाली उतरव म्हणत नाही. 'आम्हालाही वाचव' म्हणणारा तो दुसरा, टोमणे मारणारा, आणि तुमची सगळी भक्ती त्या दुसऱ्याची आहे. पापाची किंमत केवढी, हे त्या लाकडावर रक्ताने दिसतंय, आणि तुम्ही त्याच्याआड लपून एका विधवेचे पैसे गिळता? लाज वाटू द्या जरा! माईक खाली ठेवा आणि बँकेत जा. मावशी अकरानंतर घरीच असते. व्याज सोडायला ती तयार आहे, मी नाही.