चर्चच्या शाळेत मुलं बाटवतात? खुलासा

इंग्लंडमधल्या मराठी पालकांमध्ये फिरणारा मेसेज असा: ‘चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत फक्त ख्रिश्चनांना प्रवेश मिळतो, आणि बाकीच्यांना घेतलंच तर प्रार्थनेची सक्ती होते.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

या शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नसते. त्यांतल्या ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ प्रकारच्या शाळेचे प्रवेश सहसा स्थानिक काउन्सिल ठरवते. ‘व्हॉलंटरी एडेड’ प्रकारच्या शाळेत नियम शाळेचं गव्हर्नर मंडळ (व्यवस्थापन समिती) करतं. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर चर्चला नियमित जाणाऱ्यांना ते झुकतं माप देऊ शकतं. मेसेजमध्ये तथ्य असलंच तर एवढंच. जागा शिल्लक असेल तर धर्मावरून नकार देता येत नाही.

आता प्रार्थना. रोजची सामूहिक उपासना इंग्लंडमधल्या सगळ्याच सरकारी शाळांना कायद्याने लागू आहे, चर्चच्या असोत वा नसोत. (पाळतात किती, हा वेगळा विषय!) चर्चच्या शाळेत ती मनापासून होते: मेणबत्ती लावतात, बायबलमधली गोष्ट, एखादं गाणं, शेवटी प्रार्थना. ‘आमेन’ म्हणायचं की गप्प बसायचं, हे सहसा मुलावर सोडलेलं असतं. क्षमा, करुणा, सेवा ही मूल्यं भिंतीवरही दिसतात आणि भांडण मिटवतानाही ऐकू येतात. शाळा ख्रिस्ती आहे हे कुणी लपवत नाही. पण बाप्तिस्म्याची अट शिकण्यासाठी नसते.

तरी नको असेल तर १९९८च्या कायद्यानुसार पालक मुलाला उपासनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून काढून घेऊ शकतात. कारण सांगावं लागत नाही. प्राथमिकच्या अर्जाची मुदत १५ जानेवारी. त्याआधी त्या शाळेचं प्रवेश धोरण वाचा.