पोकळ चिंबोरीचा हिशोब

काल रात्री उरणच्या नाक्यावर चिंबोऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचा, विषय निघाला आणि बाळ्याच्या एका वाक्यावरून वाद पेटला. "२०१५ साली हरित लवादाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई मंजूर केली. अजून चिंबोऱ्यांचं काय रडत बसलाय?"

दादूस सहसा बोलत नाही. काल त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "बंदराच्या भरावाने भरतीचं पाणी अडलं, खारफुटी गेली, म्हणून ती भरपाई. घरटी किती होते, सांग."

मास्तरांनी मोबाइलवर भागाकार केला. सरासरी पाच लाख चौऱ्याऐंशी हजार.

"आता वीस वर्षांवर पसर."

दिवसाला ऐंशी रुपये! बाळ्यालाही ते ऐकवेना. दादूसची आय ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरते, फगाला, म्हणजे चिंबोऱ्या धरायच्या जाळीला, माशांची डोकी बांधते. त्या चिंबोऱ्यांवर घरातला रोजचा खर्च आणि पोरांची फी निघत आली आहे.

"मग चिंबोरीपालन करा ना," बाळ्या म्हणाला. "सरकारच्या कांदळवनाच्या योजनेत गटाला ९० टक्के अनुदान आहे."

योजना चांगली आहे, असं मलाही वाटतं. पण अडचण भावाची आहे, आणि ती दादूसने दाखवली. पिशवीतून त्याने एक चिंबोरी काढली, नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या. उलटी करून पायाच्या बुडाशी अंगठा दाबला. कवच आत गेलं. "पोकळ. कात टाकून थोडेच दिवस झालेत, मांस भरलेलं नाय. व्यापारी अर्ध्या भावाने घेणार. मेली तर तेवढेही नाय. म्हणून तो म्हणेल त्या भावाला आजच द्यायची."

म्हणजे व्यापारी कमावतो तो आपल्या घाईवर. तीच चिंबोरी तीन-चार आठवडे पिंजऱ्यात खाऊ घालून ठेवली तर भरते, पूर्ण भावाने जाते. पिल्लं आणून वाढवण्यापेक्षा मला हे जास्त पटतं. पिल्लं खाडीतूनच उचलावी लागतात नाहीतर हॅचरीतून, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातून, आणावी लागतात, आणि एकत्र ठेवली की एकमेकांना खातात. पोकळ माल मात्र रोज आपल्याच फगात येतो. बायकांच्या गटाने हे करावं, असं मी ठासून सांगितलं.

दादूसने ऐकून घेतलं. "पिंजऱ्याला भरतीचं पाणी लागतं ना? आमच्या खाडीत ते फिरतंय कुठे?"

"पलीकडच्या खाडीत ठेव," बाळ्या म्हणाला.

"तिथे दुसऱ्या गावाचे फग आहेत, बाळ्या. त्यांचं पोट कुठे ठेवू?"

मास्तरांनी मोबाइल खिशात घातला. भरपाईचा आकडा काढताना पाण्याचा हिशोब आमच्यापैकी एकानेही मांडला नव्हता.