‘हेममठा’तून हेल्मेट निघत नाही

‘डोकं झाकायला जगाला आपण शिकवलं, पुरावा शब्दांतच आहे’ अशा मथळ्याचा एक संदेश गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला. त्यातला एक सख्ख्या मामांकडून. संदेशातले दावे असे: हेल्मेट हे संस्कृत ‘हेममठ’चं (सोन्याचं घर) बिघडलेलं रूप, कॅप म्हणजे आपलं कपाल, शिरस्त्राण हा शब्द थेट ऋग्वेदातला, जिरेटोप म्हणजे ‘शिरटोप’, आणि साहेबाची ‘सोलर टोपी’ ही सूर्यापासून वाचवणारी म्हणून सोलर. मामांना फोनवर सांगायला गेलो तर म्हणाले, “तोंडी नको, लिहून पाठव.” म्हणून हे.

आधी हेल्मेट. ‘हेम’ आणि ‘मठ’ अशी फोड करायची तर हेल्मेटमधल्या ‘ल’चं काय करायचं? संदेशाने तो चक्क गिळला आहे. खरी फोड ‘हेल्म’ आणि ‘एट’ अशी आहे. ‘हेल्म’ हा जर्मानिक भाषांमधला जुना शब्द, अर्थ शिरस्त्राणच. तो फ्रेंचमध्ये गेला, तिथे त्याला लहानपणा दाखवणारा ‘एट’ हा प्रत्यय लागला, आणि पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला. आपल्याकडे गाडीची गाडुली होते, तसंच. विल्यम या नावाच्या शेवटीही हाच हेल्म दडलेला आहे. त्याचं जुनं रूप विल्हेल्म.

आता मामांना आवडेल अशी गोष्ट. हेल्मची मूळ धातू ‘झाकणे, लपवणे’ या अर्थाची मानतात, आणि तिच्यातूनच संस्कृतातला ‘शर्मन्’ आला असं व्युत्पत्तिकार सांगतात. शर्मन् म्हणजे आसरा, संरक्षण. म्हणजे शेजारच्या शर्मांचं आडनाव आणि त्यांच्या स्कूटरच्या हुकला लटकणारं हेल्मेट हे लांबचे भाऊबंद. पण भाऊ म्हणजे बाप नव्हे! संदेश नेमका इथे घसरतो. संस्कृतातल्या ‘श’च्या जागी इंग्रजीत ‘ह’ सापडतो, तो ठरावीक नियमाने: शत आणि हंड्रेड, शृंग आणि हॉर्न, श्वन् आणि हाउंड. शाला आणि हॉलही त्यातलेच धरतात. उलट संस्कृतातल्या ‘ह’समोर इंग्रजीत बहुधा ‘ग’ येतो, जसं हंस आणि गूस. तेव्हा नातं शोधायचंच असेल तर ‘ह’ने सुरू होणारा ‘हेम’ हा मुळातच चुकीचा उमेदवार. आणि गंमत म्हणजे, हेल्मेटमध्ये ‘हेल’ म्हणजे नरक आहे हा नाक्यावरचा विनोद ‘हेममठा’पेक्षा सत्याच्या जास्त जवळ आहे. इंग्रजीतला नरकही त्याच धातूतून आलेला, झाकलेली, दडलेली जागा या अर्थाने.

कॅपबद्दल फार लिहीत नाही. तो लॅटिन ‘काप्पा’वरून आला, म्हणजे टोपडं असलेला झगा. काप्पाच्या मागे ‘कापुत’ म्हणजे डोकं असावं असं मानतात. कापुत आणि कपाल यांचं नातं असलंच तर तेही चुलतपणाचं, आणि कपालावरून कॅप निघायला ते पुरत नाही.

शिरस्त्राण हा शब्द जुना आहे, पण ऋग्वेदातला नाही. ऋग्वेदात आहे ‘शिप्र’. पाचव्या मंडलात मरुतांच्या, म्हणजे वादळाच्या देवांच्या, डोक्यांवर सोन्याच्या शिप्रा पसरल्याचं वर्णन येतं, आणि तिथे शिरस्त्राण हा अर्थ चपखल बसतो. पण इतर ठिकाणी त्याच शब्दाचा अर्थ जबडा की ओठ यावर पंडितांचं एकमत नाही. शिरस् आणि त्राण मिळून झालेला शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भेटतो. आयुधागाराच्या प्रकरणात आधी शिरस्त्राण, लगेच कण्ठत्राण, मग कूर्पास, कञ्चुक अशी सामानाची यादीच आहे. अमरकोशात शीर्षक, शीर्षण्य आणि शिरस्त्र असे तीन शब्द मिळतात. एवढी श्रीमंती असताना ऋग्वेदाचा शिक्का कशाला हवा?

जिरेटोपाचा दावा मला सगळ्यात खटकला, कारण त्यात मूळ वस्तूच हरवते. इथला ‘जिरे’ म्हणजे शिरही नाही आणि फोडणीतलं जिरंही नाही. ती फारसी ‘झिरिह’, म्हणजे कड्यांत कड्या अडकवून केलेली लोखंडी जाळी. हिंदीत ‘जिरह-बख्तर’ म्हणतात, त्यातली. शस्त्रांचं दालन असलेल्या वस्तुसंग्रहालयात जुने टोप बघा: वर लोखंडी वाटी, आणि तिच्या कडेपासून कान-मानेवर उतरलेली जाळी. हा जिरेटोप. गडांच्या पायथ्याशी मोत्यांच्या माळा लावून विकतात तो मखमली प्रकार दिसतो देखणा, पण त्यात जिरेही नाही आणि वार अडवणारा टोपही नाही. शब्द फारसी निघाला म्हणून मामांनी नाराज व्हायचं कारण नाही. ‘टोप’ हा अर्धा भाग इथलाच आहे.

आणि त्या टोपाच्या घरातली टोपी खरोखरच परदेशी गेली, तरी संदेशाने तिचा पुरावा अर्धवट सोडला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘आज्ञापत्र’ या मराठी राजनीतीवरच्या ग्रंथात इंग्रज, फ्रेंच, डच या सगळ्यांना एकत्र ‘टोपीकर’ म्हटलंय. पुढे त्याच टोपीकरांपैकी इंग्रजांनी ‘टोपी’ हा शब्द स्वतःच्या भाषेत घेतला. त्या टोपीभोवती जे कापड गुंडाळत त्याला ते ‘पगरी’ म्हणत, ती आपली पगडी. डोक्याला बांधायचा बँडानाही ‘बांधणी’च्या घराण्यातला.

राहिली सोलर टोपी. मूळ शब्द ‘सोला टोपी’ आहे. शोला ही पाणथळ जागी वाढणारी वनस्पती. तिच्या आतल्या पांढऱ्या, हलक्या गरापासून ती टोपी करत. उन्हात घालायची म्हणून इंग्रजांच्याच तोंडी सोलाचं सोलर झालं. ती वनस्पती बंगालमध्ये आजही कामात आहे. बंगाली नवरदेव लग्नात जो उंच, पांढरा, टोकदार मुकुट घालतो तो शोल्याचाच, आणि त्याचं नाव ‘टोपर’.