आजीला डिप्रेशन नव्हतं, म्हणे

घरच्या ग्रुपवर परवा नानामामांनी एक पोस्ट टाकली. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेली असेल; मला ती आतापर्यंत चार जणांनी पाठवलीय, दर वेळी वेगळ्या गुलाबाच्या फुलासकट. मजकूर थोडक्यात असा : आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, दुष्काळ पाहिले, पण डिप्रेशन हा शब्द त्यांना माहीत नव्हता. आजची पिढी तासाला दोन हजार मोजून परक्या माणसापुढं रडते. चार जिवाभावाचे मित्र असले की थेरपिस्ट लागत नाही. कामात राहा, आनंदी राहा. बाकी सगळे श्रीमंतांचे चोचले.

खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा, पण तो चुकून पडला असं तिचं म्हणणं आहे.

मी स्वतः दीड वर्षापूर्वी त्या परक्या माणसापुढं बसून आलोय, चांगली बारा सेशन्स. तेव्हा गप्प बसवत नाही. मामा, राग नसावा.

आधी आजी. ती माझी आजी, पण मामांची आई. धाकटी मावशी सहा वर्षांची असताना तापानं गेली आणि त्यानंतर वर्षभर आजी माजघरातून फारशी बाहेर आली नाही, हे मला आईनं सांगितलंय. एकच गोधडी शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायला घ्यायची. जेवायला हाक मारली की ‘जेवले’ म्हणायची. गावात म्हणायचे, बाईनं पोरीची हाय खाल्ली. मग कुणीतरी ‘बाहेरचं आहे’ म्हणालं आणि तिला बार्शीहून गाणगापूरला नेलं, एकदा नाही, दोनदा. मामा, एसटीत तिच्या शेजारी तुम्हीच बसला होतात.

डिप्रेशन हा शब्द तिला माहीत नव्हता, इतकंच त्या पोस्टमध्ये खरं आहे. हाय खाणं, अंथरूण धरणं, बाळंतवात, वारं लागणं, झपाटणं : शब्दांची कमतरता आपल्याकडं कधीच नव्हती. आणि ज्यांचं अगदीच हाताबाहेर जायचं त्यांच्यासाठी इमारतीही होत्या. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. आजीचा जन्म व्हायच्या आधीपासून ती उभी आहेत, आणि रिकामी ठेवायला कुणी बांधली नसणार.

आता मित्र. मला मित्र आहेत, चांगले आहेत. रात्री अडीच वाजता छाती धडधडून हातपाय गार पडले तेव्हा त्यांच्यातलाच एक मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. ईसीजी नॉर्मल. महिन्याभरात असं तीनदा झालं. एक म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस. दुसऱ्यानं लोणावळ्याला नेऊन आणलं. तिसऱ्यानं धीर द्यायला म्हणून आपल्या भावाच्या बायपासची गोष्ट साद्यंत सांगितली. साहेबांबद्दल मी तक्रार केली की तिघंही साहेबांना शिव्या घालायचे. बरं वाटायचं, चहा संपेपर्यंत.

ज्या मॅडमकडं मी शेवटी गेलो त्यांनी साहेबांना एकदाही शिवी घातली नाही. शंभर पानी वही आणायला लावली आणि तीन रकाने आखून दिले : काय घडलं, मी स्वतःशी काय म्हणालो, काय वाटलं. मी लिहिलं, ‘साहेबांनी रिपोर्ट परत पाठवला. माझ्या हातून चूक होताच कामा नये. लाज, धडधड.’ त्यांनी लाल पेननं फक्त एका अक्षराभोवती गोल काढला. ‘होताच’मधला च. पुढच्या आठवड्यात वहीत असे अकरा च निघाले. मुलीला तीच शाखा मिळायलाच हवी, लोकांनी मला हुशारच समजलं पाहिजे. तो च काढून वाक्य परत वाचा, म्हणाल्या. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाची आठवण होऊन मला हसू आलं. पण वाचताना च गेला तरी डोक्यातून जायला दोन महिने लागले. त्यासाठी गृहपाठ होता : ऑफिसात एक किरकोळ मेल मुद्दाम शुद्धलेखनाची चूक ठेवून पाठवायची. पाठवली. दिवसभर घाम फुटत होता. ती चूक आजतागायत कुणाच्या लक्षात आलेली नाही.

हट्टाचा असा ‘च’ शोधून तो सोडवायची ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात आणि आपल्याकडं ती रुजवली मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. मन मोकळं करणं तिच्यात आहे, पण सुरुवातीचं. पुढं नुसती वही.

‘आनंदी राहा’ला माझ्याकडं फार उत्तर नाही. मला तिथं कुणी आनंदी राहायला शिकवलं नाही. काळजी वाटू दे, चिंतेनं झोप उडायला नको, एवढाच हिशेब होता.

‘कामात राहा’ मात्र अर्धं बरोबर आहे, आणि त्यामुळंच ते घातक आहे. ज्याला अंथरुणातून उठून दात घासणं जमत नाहीये त्याला कामाला लाग म्हटलं की तो स्वतःला आणखी नालायक ठरवतो. तेच काम लहान लहान पायऱ्यांत तोडून, कुणीतरी दर आठवड्याला विचारपूस करत करायला लावलं तर चित्र बदलतं. गोव्यात हे करून पाहिलंय. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. त्यांच्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ भेटींत अशी मदत केली. ही माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीही नव्हती. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत चोचले पुरवून घ्यायला कोण उभं राहतं, मामांनीच सांगावं.

राहिले दोन हजार. इथं मी पोस्टच्या बाजूनं आहे. फी परवडत नाही, आणि पाटी कुणीही लावतं. मी सगळ्यात आधी ज्या ‘काउन्सेलर’कडं गेलो त्यांनी पहिल्यांदा माझी जन्मवेळ विचारली आणि निघताना स्फटिकाची माळ दाखवली, किंमत वेगळी. म्हणून आत जाण्याआधी शिक्षण विचारावं, पद्धत कोणती ते विचारावं, साधारण किती सेशन्स लागतील तेही विचारावं. या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडून उठून यावं. पैसेच नसतील तर केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे : १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

तो नंबर मी ग्रुपवर टाकला. त्याला एकच अंगठा आला, नानामामींचा.