बांगडा नाही, बालभारती

"बांगडा काय भाव?"

ही चौकशी धोपाव्याच्या धक्क्यावर झाली आणि माझ्याकडे झाली. ऑगस्टचा पहिला आठवडा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी नुकती उठलेली, श्रावण लागायला चार दिवस. या चार दिवसांत कोकणातला माणूस झाकण असलेल्या कुठल्याही पेटीकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं एक आजोबा माझ्या पेटीकडे बघत होते. पेटी निळी, झाकण पांढरं, चारी बाजूंना क्लिपा. आत थोरलीची चौथी, धाकट्याची पहिली, दोन पाट्या आणि शंभर चिंचोके. आमची शाळा घरी भरते, आणि महिन्यातून एकदा ती फेरीबोटीत बसून दापोलीला आजीकडे भरते.

"मासे नाहीत आजोबा, पुस्तकं आहेत."

"हां," असं म्हणून त्यांनी पेटीला नाक लावलं.

राग अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर चूक त्यांची एकट्याची नाही. आमच्याकडे खोक्याला स्वतःचा धंदा असतो. एप्रिल-मेमध्ये त्यात हापूस असतो, बाकीचे महिने मासळी. तिसरं काही असू शकतं हे किनारपट्टीला मान्य नाही. त्यामुळे मुलांची पुस्तकं कशात न्यायची हा प्रश्न इथं वेगळाच होऊन बसतो. इंटरनेटवर या विषयाचे फोटो बघावेत. तीन मजली चाकांची ट्रॉली, वरच्या मजल्यावर रंगीत पेन्सिली, मधल्यावर गोष्टीची पुस्तकं, खाली एक गोंडस टोपली. ट्रॉलीची चाकं रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. ती आमच्या पाखाडीवर आणून दाखवा. जांभ्याच्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ, मधली एक पायरी गेल्या पावसापासून हललेली. ट्रॉली खाली पोचेल, यात शंका नाही. माझ्या आधी पोचेल.

म्हणून आधी काय काय वापरू नये ते सांगते. पाच डझनी आंब्याची लाकडी पेटी फुकट मिळते, दिसतेही छान, पण तिच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. आंब्याला हवा लागते, मासळीला बर्फ लागतो, पुस्तकाला दोन्ही सोसत नाही. पुठ्ठ्याचं खोकं जूनमध्ये नरम पडतं आणि जुलैत तळातून सोडून देतं. पत्र्याची ट्रंक चांगली, पण घरात. रिकामी असतानाच ती जड, आणि खारं वारं लागलं की कडांना गंज धरते, त्याचे तपकिरी डाग पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर उमटतात. ट्रंकेला आतून खाकी कागद लावावा, दर जूनमध्ये बदलावा, आणि ती दोन रिपांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. वाळवी भिंतीच्या कडेनं येते आणि तिला इयत्तेचा फरक कळत नाही.

मासळीचा जुना क्रेट तर अजिबात नको. मासळीच्या वासातलं मुख्य द्रव्य अल्कधर्मी असतं, म्हणून लिंबानं, चिंचेच्या पाण्यानं तो वास दबतो. दबतो, जात नाही. ऊन तापलं की प्लास्टिकमधून परत वर येतो. एका उन्हाळ्यात आमच्या शाळेची पटसंख्या दोन मुलं आणि तीन मांजरं अशी होती.

उरते ती रबरी पट्टीच्या झाकणाची प्लास्टिकची पेटी. आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, २५ उंच, म्हणजे २० लिटरच्या थोडी वर. दुकानदार माप सांगतो ते बाहेरचं आणि तोंडाकडचं. तळाकडे पेटी निमुळती होत जाते, तीन-चार सेंटिमीटर तिथेच जातात, मग घरी आल्यावर फाईल तिरकी बसते आणि तिचे कोपरे मुडपतात. तेव्हा दुकानात जाताना ए-फोर कागदाची चेनवाली फाईल बरोबर न्यावी आणि तळाशी आडवी टाकून बघावी. दुकानदार हसतो. हसू दे. पेटी घरी आणल्यावर आत कोरडं वर्तमानपत्र ठेवून झाकण लावायचं, झाकणाच्या सांध्यावरून तांब्याभर पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं. कागद ओला झाला तर पेटी परत. पाऊस हीच परीक्षा घेणार आहे, पण तो पुस्तकांवर घेईल.

झाकणाच्या कडीला धरून पेटी उचलू नये. क्लिपा झाकण दाबून धरायला असतात, वजन पेलायला नसतात, दीड-दोन वर्षांत त्यांची बिजागरी पांढरी पडून तुटते. तळाखालून नवारीचा पट्टा घ्यावा, दोन्ही बाजूंनी वर आणून गाठ मारावी. आणि पेटी काठोकाठ भरू नये. कागदाला वजन किती असतं याचा अंदाज आपल्याला नसतो. ए-फोरचे ८० जीएसएमचे ५०० कागद अडीच किलो भरतात. २० लिटर पेटी पुस्तकांनी ठासली तर १२ किलोच्या पुढं जाते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाचं दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं असं म्हटलंय. आमची थोरली २५ किलोची, म्हणजे तिच्या वाट्याला अडीच किलो. बाकीचं जे उरतं ते आईच्या वजनाच्या किती टक्के, याबद्दल धोरण गप्प आहे.

म्हणून अख्खी शाळा न्यायची नाही, आठवडा न्यायचा. सगळं सामान घरच्या ट्रंकेत. पेटीत पाच चेनच्या फायली, सोमवार ते शुक्रवार, रविवारी रात्री भरायच्या. एका फाईलमध्ये दोघांचं त्या दिवसाचं काम, एक-दोन वह्या, बास. बालभारतीनं २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत काढली होती, सगळे विषय एका भागात आणि मध्ये वहीची पानं. शाळांना ती पचली नाहीत, पुढे बंद झाली. पेटीवाल्यांसाठी मात्र ती देवानं पाठवली होती, एका वेळी एकच भाग न्यावा लागायचा. ज्यांच्याकडे शेजारच्या मुलांची जुनी पडली असतील त्यांनी रद्दीला देऊ नयेत. पुस्तकं आत उभी ठेवायची ती शिवण खाली करून. शिवण वर केली तर पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनानं पुठ्ठ्यापासून सुटायला लागतो. जाड पुस्तकं अंगाकडच्या बाजूला, नाहीतर पेटी चालताना गुडघ्यावर आपटते.

बारीकसारीक वस्तूंचा एक वेगळा स्टीलचा डबा. खोडरबर त्याच्या कागदी पट्टीतच राहू द्यावा. उघडा खोडरबर प्लास्टिकच्या फुटपट्टीला महिनाभर टेकून राहिला की त्याला मऊ ठेवणारं द्रव्य पट्टीत उतरतं आणि दोघं एकमेकांना चिकटतात. सुटताना पट्टीवर खड्डा पडतो, बरोबर सात आणि आठच्या मध्ये, आणि मग प्रत्येक आयत साडेसात सेंटिमीटरचा होतो. कंपासच्या टोकाला बुचाचा तुकडा. मेणखडू मे महिन्यात गाडीच्या डिकीत नकोत, वितळून लाल आणि हिरव्याचा एकच तिसरा रंग होतो. मोजायला प्लास्टिकच्या चकत्या विकत घेण्यापेक्षा चिंचोके बरे, पण भाजून. कच्च्या चिंचोक्यांना कीड लागते, भोकं पडतात, आणि शंभरातले किती वजा झाले हे गणित मुलाच्या इयत्तेच्या बाहेरचं होतं.

तर बोट. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला वेळ लागत नाही, समोरच दाभोळ. पण चौकशीला पुरेसा होतो. आजोबा शेजारी येऊन टेकले, छत्री दोन पायांच्या मध्ये उभी केली.

"उघड बघू."

का उघडली ते मला विचारू नका. पंचाहत्तरीचा माणूस ज्या आवाजात उघड म्हणतो त्याला क्लिपा आपोआप सुटतात. त्यांनी पहिल्यांदा बाहेर काढली ती सिलिका जेलची पुरचुंडी.

"ह्यो बर्फ?"

"नाही आजोबा, ते दमट हवा ओढून घेतं. पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून."

"साबुदान्यासारं दिसतंय."

"खाऊ नका हं."

"खात नाय गो. आज काय एकादस हाय?" पुरचुंडी कानाशी हलवून बघितली. "ह्याला पैसं दिलंस? मीठ घालायचं. सुकटीला आमी मीठच घालतो, वर्सभर हलत नाय."

पुस्तकांना खारवण्याचा हा सल्ला आत्तापर्यंत कुणी दिला नव्हता. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देते. मीठ मासळीतलं पाणी ओढतं हे खरं, पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी पिऊन पाघळतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत जुलैत काय होतं ते आठवा. पावसाळ्यात इथली हवा दिवसचे दिवस त्या आकड्याच्या वर असते, म्हणजे पुस्तकांच्या तळाशी खारं पाणी. तांदळाची पुरचुंडीही नको, पोरकिडे होतात. सिलिकाच बरं, २० लिटरला ५० ग्रॅमच्या दोन पुरचुंड्या, आणि केशरी खड्यांचं घ्यावं. निळ्या खड्यांत कोबाल्टचा क्षार असतो, मुलांच्या हाताशी तो नको. केशरी खडे हिरवट पडले की त्यांचं पोट भरलं. मग जुन्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवायचे. त्या कढईत पुन्हा पोहे करायचे नाहीत. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पुस्तकं आधीच दमट असतील तर घट्ट झाकण म्हणजे बुरशीला बंद खोली दिल्यासारखं. भरण्याच्या आदल्या रात्री ती पंख्याखाली पानं फाकवून उभी ठेवायची. उन्हात नाही, उन्हात पुठ्ठे वळतात.

हे सगळं मी केलं होतं. रात्रभर पंखा, खडे ताजे केशरी, रबरी पट्टी पुसलेली. आणि आजोबांनी चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक बाहेर ओढलं, म्हणाले, "आमच्या पोरालाबी हेच होतं," अंगठा जिभेला लावला, आणि पान उलटलं.

परत जीभ. परत पान.

मी बघत होते. प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर एक गोल ओला ठसा, आत तंबाखूची किंचित छटा. आजोबा ओठ हलवत वाचत होते, मन लावून, आणि अफजलखानाचा वध झाल्याशिवाय थांबण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. अकरा पानं. मी मोजली. महाराजांच्या पुस्तकात थुंकी लावू नका असं म्हणायला तोंड उघडलं, पण एवढ्या भक्तीनं वाचणाऱ्या माणसाला काय बोलणार?

मग मान वर करून थोरलीला, "धा औटं किती?"

थोरली माझ्याकडे बघायला लागली.

"औट म्हंजे साडेतीन. धा औटं पस्तीस. येत नाय?" आणि माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात, "शाळंत घाल गो पोरांना."

इथं मात्र विनोद संपला. औटकी शाळेत शिकवायचं बंद होऊन किती पिढ्या गेल्या. शाळेत जाणाऱ्या मुलाला येत नाही तेव्हा काळ बदलला, आमच्या मुलीला येत नाही तेव्हा आईनं वाटोळं केलं. परीक्षा कोण घेणार, विचारतात. एनआयओएसचे, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेचे, मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क स्तर आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे, असं सांगते. ऐकणारा मान हलवतो आणि विचारतो, पण शाळेत का नाही? लग्नात, बारशात, रेशनच्या रांगेत. मी पेटी उचलून पाखाडी चढत असते, पट्टा खांद्यात रुतलेला, आणि वरून येणारा माणूस आधी वाट अडवतो, मग हा प्रश्न विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता निघून जातो. पेटी धरू का, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.

आजोबांनी धरली, हे कबूल करायला हवं. दाभोळला उतरताना फळी ओली होती, त्यांनी छत्री काखेत मारून एका बाजूनं पट्टा पकडला.

"जड हाय गो. सुरमई असती तर परवडलं असतं."

आजीकडे पोचल्यावर ती अकरा पानं कोपऱ्यांत टिपकागद घालून वाळवली आणि झाकणावर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं, 'पुस्तकं'. पुढच्या शनिवारी परतताना दाभोळच्या धक्क्यावर एक मावशी टोपली उतरवून शेजारी बसल्या. त्यांनी झाकणावरचं अक्षर न् अक्षर बोटानं लावून वाचलं. मग टोपलीवरचं फडकं नीट करत मला विचारलं,

"ओली का सुकी?"

"सुकी," मी म्हटलं. "अकरा पानं सोडून."