स्वतःची आवड नसलेला कार्यक्रम

बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे जुने भाग गेले काही महिने यूट्यूबवर सवड मिळेल तसे पाहतो आहे. गाण्यांच्या विक्रीच्या क्रमवारीवर बेतलेला आणि १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झालेला हा साप्ताहिक कार्यक्रम ३० जुलै २००६ रोजी बंद झाला. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण तेच ते मोजके क्षण पुन्हा सांगतात. जुलै १९७२ मध्ये डेव्हिड बोवीने गाता गाता गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला, आणि दोन पुरुषांमधली ती उघड जवळीक पाहून त्या रात्री ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीचे डोळे उघडले, ही कथा त्यांत सर्वांत लाडकी. ती खोटी नाही. पण सबंध भाग पाहिला की लक्षात येते की असे क्षण फार थोडे होते आणि उरलेला बराच वेळ साधारण, आज कोणाच्या स्मरणात नसलेल्या गाण्यांनी भरलेला होता. मला हा कार्यक्रम महत्त्वाचा वाटतो तो या साधारण गाण्यांमुळे. कोणते गाणे दाखवायचे हे ठरवताना त्याने स्वतःची आवडनिवड जवळजवळ बाजूलाच ठेवली होती.

मूळ निर्माते जॉनी स्ट्युअर्ट यांनी घालून दिलेले नियम अगदी सोपे होते. ज्या गाण्याचे स्थान त्या आठवड्यात खाली घसरले, ते घ्यायचे नाही. यादीत नव्याने आलेल्यांपैकी सर्वांत वरचे गाणे घ्यायचे, तसेच सर्वांत मोठी झेप घेणारेही घ्यायचे. शेवट नेहमी पहिल्या क्रमांकाने करायचा, आणि लागोपाठ दोन आठवडे दिसण्याची मुभा त्या एकट्या गाण्याला द्यायची. अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’वर वाढलेल्या मंडळींना शेवटच्या पायदानाची वाट पाहणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. मात्र गीतमाला रेडिओवर होती, आणि इथे गायकाला स्वतः स्टुडिओत येऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागे. त्यामुळे क्रमवारीतल्या शेजाऱ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला, तरी ते त्याच झगमगत्या दिव्यांखाली एकापाठोपाठ एक येऊन जात.

याचे परिणाम कधी कधी फार विचित्र होत. ८ डिसेंबर १९८० रोजी जॉन लेननची हत्या झाली. त्याच्या गाण्यांना मागणी उसळलेली असतानाच नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते सेंट विनिफ्रेड्स या शाळेतल्या मुलांनी आजीचे कौतुक करत गायलेले गाणे. पुढच्याच फेब्रुवारीत अल्ट्राव्हॉक्स या गटाचे ‘व्हिएन्ना’ हे भारदस्त गाणे दुसऱ्या क्रमांकावर अडकून राहिले, कारण त्याच्या डोक्यावर ‘जो डॉल्चे’ या गायकाचे एक विनोदी गाणे बसले होते. संगीताची जाण असलेल्या कोणत्याही संपादकाने हे होऊ दिले नसते. कार्यक्रमाला मात्र इलाज नव्हता, आणि माझ्या मते तेच त्याचे बळ होते. ज्याला बंडखोर संगीत हवे त्याला आजीचे गाणे सोसावे लागे. ज्या आजोबांना ते शाळकरी गाणे प्रिय, त्यांना त्याआधी रंगवलेल्या केसांच्या आणि काजळ घातलेल्या तरुणांची रांग पाहावी लागे. १९८२ पर्यंत ब्रिटनमध्ये वाहिन्या मोजून तीन होत्या, त्यामुळे उठून जायलाही फारसा वाव नव्हता. १९७९ मध्ये आयटीव्ही ही प्रतिस्पर्धी वाहिनी संपामुळे बंद पडली, तेव्हा या कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या १ कोटी ९० लाखांपर्यंत गेली.

या सगळ्यामागची यंत्रणा किती तुटपुंजी होती, हे पाहून गंमत वाटते. सुरुवातीचे भाग मँचेस्टरमधल्या डिकन्सन रोडवरच्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओतून होत. मोजकेच भाग करायचे, असा मूळ बेत होता. निवेदकाशेजारी एक तरुणी बसे, ती तबकडी यंत्रावर ठेवी आणि समोर गायक ओठ हलवी. १९६६ मध्ये वादकांच्या संघटनेने या नुसत्या ओठ हलवण्याला आक्षेप घेतल्यावर ते बंद झाले. पुढे तडजोड म्हणून, आधी ध्वनिमुद्रित केलेले संगीत वापरायला परवानगी मिळाली, पण ते वाजवणारे सगळे वादक स्टुडिओत हजर हवेत, अशी अट आली. मग कागदोपत्री मुद्रण नव्याने करायचे आणि ऐन वेळी मूळ मुद्रणाचीच टेप पुढे सरकवायची, हा प्रकार इतका रुळला की संबंधित सगळ्यांनाच तो ठाऊक होता.

ओठ हलवण्यावरून या कार्यक्रमाला नावे ठेवणाऱ्यांशी माझे पटत नाही. ऑगस्ट १९८८ मधला एक प्रसंग पाहावा. ऑल अबाउट इव्ह हा गट थेट प्रक्षेपणात आला होता. गाणे घराघरांत ऐकू जात होते, पण स्टुडिओत गटाला ते ऐकूच येत नव्हते. गायिका ज्युलियन रेगन स्टुलावर शांत बसून होती, तिचा आवाज पहिली ओळ गाऊन पुढच्या ओळीवर गेला, आणि तिच्या चेहऱ्यावर आता सुरू होईल, मग सुरू होईल अशी निवांत वाट पाहण्याचा भाव तसाच राहिला. शेजारी गिटारवादक गिटार मांडीवर घेऊन तितक्याच स्वस्थपणे बसला होता. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा बोलावले गेले. लबाडी उघडी पडली म्हणून लोक हसले खरे, पण गायकाला केवळ उभे करून कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर रोखण्यात किती काही दिसून जाते, हे मला त्या प्रसंगात जितके जाणवले तितके निर्दोष भागांत जाणवले नाही. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या रॉक गटाने त्याच पद्धतीची उघड टर उडवली. वाद्यसंगीत आधीच मुद्रित होते, म्हणून वादकांनी हात वाटेल तसे फिरवले आणि गायक कर्ट कोबेनने आपलेच गाणे खर्जात, मायक्रोफोन जवळजवळ गिळत म्हटले. कार्यक्रमाने तेही दाखवले.

जे गायक येऊ शकत नसत, त्यांच्या गाण्यांवर कार्यक्रमाचे स्वतःचे नृत्यपथक नाचे. व्हिडिओ सर्रास येण्यापूर्वीचा तो काळ. पॅन्स पीपल हे त्यांतले सर्वांत गाजलेले पथक, आणि त्यांची नृत्ये गाण्याच्या शब्दांना भलतीच धरून असत. १९७३ मध्ये गिल्बर्ट ओसलिव्हनच्या एका गाण्यात कुत्र्याचा उल्लेख होता, तर यांनी चक्क खरे कुत्रे स्टुडिओत आणून बसवले आणि त्यांना बोटे दाखवत नृत्य केले. कुत्र्यांना त्यात काडीचा रस नव्हता.

क्रमवारी म्हणजे जनतेचा निर्मळ कौल होता, असा दावा मी करणार नाही. १९६९ पासून ती निवडक दुकानांतल्या विक्रीच्या नोंदींवरून तयार होई, आणि कोणत्या दुकानांच्या नोंदी धरल्या जातात हे कळले की कंपन्यांची माणसे तिथे जाऊन आपलीच तबकडी विकत घेत. शिवाय बीबीसीचे सोवळे होतेच. जानेवारी १९८४ मध्ये फ्रँकी गोज टू हॉलिवूड या गटाच्या ‘रिलॅक्स’वर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आली, आणि ते गाणे मात्र पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसले. ज्या कार्यक्रमाचा सारा डोलारा शेवटच्या गाण्यावर उभा, त्याला पहिल्या क्रमांकाचे नाव सांगून ते गाणे न वाजवताच निरोप घ्यावा लागला. आपला नियम मोडला की काय होते, याचा इतका चोख धडा मिळूनही पुढच्या मंडळींनी तो घेतला नाही.

कार्यक्रम बंद पडण्याचे खापर सहसा संगीतवाहिन्यांवर आणि इंटरनेटवर फोडले जाते. त्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य. तरीही शेवटच्या पंधरा वर्षांतले निर्णय ओळीने पाहिले, की घरच्यांनीच केलेली मोडतोड दिसते. १९९१ मध्ये सर्व गायकांनी प्रत्यक्ष गायलेच पाहिजे असे ठरले. जी गाणी यंत्रांवर आणि उसन्या आवाजांवर बेतलेली होती, त्यांची त्यात फजिती झाली, आणि काही वर्षांतच तो नियम गुंडाळावा लागला. १९९६ मध्ये कार्यक्रम गुरुवारवरून शुक्रवारी, तोही ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या तुफान लोकप्रिय मालिकेच्या समोर नेऊन ठेवला. २००३ मध्ये त्याला नवे रूप दिले गेले आणि मुलाखती, आगामी गाण्यांच्या झलका, गप्पा यांची भर पडली. २००५ मध्ये त्याची रवानगी बीबीसी टूवर रविवारी झाली. प्रत्येक वेळी कार्यक्रमाला थोडी अभिरुची चिकटवण्याचा प्रयत्न झाला, आणि तेवढ्या प्रमाणात तो इतर कार्यक्रमांसारखा होत गेला. अभिरुची असलेले कार्यक्रम ब्रिटनमध्ये आधीपासून होते आणि ते यापेक्षा चांगलेही होते.

संग्रहाची कथा याहून वाईट आहे. पहिल्या दशकातल्या बहुतेक भागांच्या टेप बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या. जून १९६६ मध्ये बीटल्स या कार्यक्रमात एकदाच प्रत्यक्ष आले होते. तो भागही गेला. २०१९ मध्ये त्याचे काही सेकंदांचे मूक चित्रण सापडले, तेही कोणीतरी घरच्या टीव्हीसमोर कॅमेरा धरून टिपलेले. ते भाग आठवड्यापुरतेच आहेत, अशी करणाऱ्यांचीही समजूत होती.

आणि उरलेल्यांतले अनेक भाग आज दाखवता येत नाहीत. पहिल्या भागाचा निवेदक जिमी सॅव्हिल होता, आणि शेवटच्या भागात स्टुडिओतले दिवे मालवणाराही तोच. २०११ मध्ये तो मेला आणि पुढच्या वर्षी त्याचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले. २०१६ मध्ये, बीबीसीने नेमलेल्या जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी अहवालाने या कार्यक्रमाच्या आवारातले अत्याचारही नोंदवले. स्टुडिओत नाचायला आलेल्या त्या कोवळ्या मुली आता निव्वळ हौशी गर्दी म्हणून पाहवत नाहीत, आणि तशा पाहताही येऊ नयेत. २०११ पासून बीबीसी फोर जुने भाग ओळीने पुन्हा दाखवू लागली होती. सॅव्हिलचे भाग त्यातून वगळले गेले. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्यांनी त्या आवारात सोसले, त्यांच्यापुढे माझ्या कुतूहलाची मातब्बरी नाही. फक्त न दाखवणे आणि नष्ट करणे यांत गल्लत होऊ नये. त्या टेप अभ्यासकांसाठी आणि तपासकर्त्यांसाठी जपून ठेवायला हव्यात, कारण पहिल्या दशकातल्या टेपबरोबर गाण्यांखेरीज पुरावेही पुसले गेले असणार.